अपांचं इंग्रजी

१४ ऑगस्ट

नाटक लिहून झालं. शेवटचं पान छापून काढलं आणि सगळा गठ्ठा स्वयंपाकघरात नेऊन अपांच्या पुढ्यात ठेवला. ते घेवडा निवडत बसले होते. त्यांनी हात पुसले, गठ्ठा उचलून हातावर तोलला आणि परत ठेवला.

"एवढं सगळं माझ्याबद्दल?"

तुमच्याबद्दलच, मी म्हटलं.

"मग यात खोटं पुष्कळ असणार," असं म्हणून ते पुन्हा निवडायला लागले.

नाटकाचं नाव 'शनिवारचा एउसेबियो'. आठवडाभर सॅन अँटोनियोतल्या लोकांच्या घरांची छपरं घालणारा आणि शनिवारी लग्नात, नाचाच्या हॉलात अकॉर्डियन वाजवणारा माणूस. म्हणजे माझे वडील. पोस्टरवर येणार: लेखन, संगीत, अभिनय, मिनर्व्हा सेपेदा. सेहेचाळीस वर्षांची बाई बापाची हॅट घालून एकटी दीड तास बाप होऊन उभी राहणार. शाळेतल्या माझ्या नाटकाच्या वर्गाला हे सांगितलं तेव्हा पोरं आधी हसली, मग म्हणाली, मिस, आम्ही सगळे येणार.

शिकागोत अकरा वर्षं काढली. त्यात मोलकरणी केल्या, नर्स केल्या, तुरुंगातल्या मुलाची आई तर किती वेळा केली. दर वेळी कोणीतरी म्हणायचं, जरा अजून मेक्सिकन बोला ना. मी या शहरात जन्मले, माझं इंग्रजी त्यांच्यासारखंच. मग मी अपांचा आवाज काढायचे. त्या सगळ्या बायका अपांच्याच आवाजात बोलल्या. आता निदान तो आवाज ज्याचा त्याच्या नावावर लागेल.

१८ ऑगस्ट, रविवार

अपांना इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून आज व्हरांड्यात बसून त्यांना एकेक प्रवेश स्पॅनिशमध्ये सांगितला. माझं स्पॅनिश मोडकं. मेक्सिकोतली, मोंतेरेची चुलत भावंडं त्याला खो खो हसतात. अपा कधी हसले नाहीत. माझं वाक्य अडलं की ते नुसता हवा तो शब्द पुढे करतात, जिना चढताना हात द्यावा तसा.

नाचाच्या हॉलातला प्रवेश त्यांना आवडला. त्या दिवशी शर्ट निळा नव्हता, हिरवा होता, एवढंच सांगितलं. अमाने, माझ्या आईने, दोन गाण्यांना नाचायला नकार देऊन तिसऱ्याला होकार दिला तो भाग मी वाजवून दाखवला, तेव्हा ते रस्त्याकडे बघत बसले, पण पाय ताल धरत होता.

मग टेलिफोनचा प्रवेश आला. मी सुरुवात केली आणि ते उठून झाडांना पाणी घालायला गेले. बराच वेळ घालत होते. परत आले ते उभ्यानेच म्हणाले, "बाकी काय हवं ते ठेव, मिने. टेलिफोनचं नको, राहू दे."

बघते, म्हटलं.

हे त्यांनी मला आयुष्यात एकदाच सांगितलंय, अमा गेली त्या नाताळात. अमा स्वयंपाकघरात कोसळली तेव्हा घरात ते एकटेच होते. त्यांनी अँब्युलन्सला फोन केला. आमचा रस्ता शेल्टन स्ट्रीट. अपांना 'श' म्हणता येत नाही, त्याचा 'च' होतो. आणि स्ट्रीटचं 'एस्ट्रीट'. ते म्हणत राहिले चेल्टन, चेल्टन, आणि फोनवरच्या बाईने ऐकलं चार्ल्टन. चार्ल्टन स्ट्रीट रेल्वेच्या रुळांपलीकडे आहे. गाडी तिकडे गेली.

मी लहान असताना घरचे सगळे फोन मीच करायचे. वीज कंपनी, दवाखाना, अपांचा मुकादम. सातव्या वर्षी मी बँकेशी बोलायचे. अमा गेली त्या वर्षी मी शिकागोला शिकत होते. असो.

२७ ऑगस्ट

लिसांद्रोबरोबर पहिली तालीम. लिसांद्रो आमच्या नाट्यगृहाचा मालक, दिग्दर्शक आणि झाडूवाला. आम्ही एका वर्गात होतो. मी त्याला सांगितलं की टेलिफोनचा प्रवेश काढावा लागेल, अपांना नको आहे. तो खुर्चीत मागे रेलला.

"बाकीचं सगळं गोड आहे, मिने. लोक गोड म्हणतील आणि जेवायला जातील. नाटक आहे ते त्या फोनमध्ये."

मला हे आवडलं नाही, कारण ते खरं आहे.

संध्याकाळी करून बघितलं. आधी अपांचं इंग्रजी, त्याची गंमत, लोक हसणार. मग बाई पुन्हा विचारते कुठला रस्ता, ते पुन्हा सांगतात, लोक अजून हसणार. आणि मग हळूहळू लोकांच्या लक्षात येणार की आपण कशाला हसलो. लिसांद्रोने डोळे पुसले. हात उंचावून म्हणाला, बस्स, हे काढलंस तर मी थिएटरला कुलूप लावतो.

ठेवते. अपा प्रत्यक्ष बघतील तेव्हा त्यांना कळेल. ऐकताना वेगळं वाटतं. शेवटी मी त्यांचा मान राखण्यासाठीच करते आहे.

२० सप्टेंबर

झालं. पहिला खेळ झाला.

थिएटर भरलेलं. माझ्या वर्गातली पोरं मागच्या दोन रांगांत. पुढे अपा, करड्या हॅटमध्ये, मांडीवर दोन्ही हात, आणि शेजारी तिया चेलो, माझी मावशी. पहिल्या गाण्यापासूनच लोक माझे झाले होते. टेलिफोनला तर कमालच झाली. पहिल्या 'एस्ट्रीट चेल्टन'ला एवढा हशा उसळला की मला थांबावं लागलं. दुसऱ्याला त्याहून मोठा. तिसऱ्याला अर्धे हसले, अर्धे गप्प झाले. चौथ्याला कोणीच नाही. नंतर एक बाई हुंदके देत होती. एवढ्या वर्षांत एवढा ताबा माझा कुठल्याच प्रेक्षकांवर आला नव्हता.

शेवटी मी अपांना उभं केलं. दिवा त्यांच्यावर आला. त्यांनी हॅट काढली, छातीशी धरली. सगळं थिएटर उभं राहिलं.

गाडीत त्यांना विचारलं, कसं वाटलं? म्हणाले, "वाजवलंस फार छान." तिया चेलो रस्ताभर बोलली नाही. तिचे गुडघे दुखत असणार, थिएटरच्या खुर्च्या वाईट आहेत.

२९ सप्टेंबर, रविवार

अपा प्रसिद्ध झाले. सकाळी बार्बाकोआ, आमचं रविवारचं वाफवलेलं मांस, आणायला गेलो तर दुकानातला पोरगेला माणूस म्हणाला, तुम्हीच ना ते नाटकातले? आणि काउंटरवरून वाकून, अगदी प्रेमाने, "एस्ट्रीट चेल्टन!" रांगेतले सगळे हसले. एकीने फोटो काढला. अपांनीही हसून हॅटला हात लावला. त्याने अर्धा पौंड जास्तच घातलं.

घरी आल्यावर अपांनी फार खाल्लं नाही. उन्हाळा अजून हटत नाही.

शाळेतही तेच. परवा जेवणाच्या सुट्टीत आख्खा कॉरिडॉर चेल्टन चेल्टन करत होता. मी रागावल्यासारखं केलं, पण खरं सांगायचं तर सुखावले. नाटकातलं वाक्य लोकांच्या तोंडी बसावं, याहून नटाला काय हवं?

८ ऑक्टोबर

एक मजा. अपा मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी बाहेर जातात. इस्त्रीचा शर्ट, दाढी, केसांना पाणी. सात वाजता ट्रक काढतात, नऊच्या आत परत. कुठे जाता विचारलं तर म्हणाले, इथेच, चर्चकडे. मंगळवारी कसलं आलं चर्च?

तिया चेलोला फोन करून सांगितलं, तुझ्या मेहुण्याने सत्त्याहत्तराव्या वर्षी कोणीतरी गाठलीय बघ. मला वाटलं ती हसून लोळेल, नावं घेऊन अंदाज करेल. ती म्हणाली, "त्यालाच विचार की."

ती माझ्यावर रुसलीय हे नक्की. का ते सांगत नाही.

अपांना खरंच कोणी भेटलं असेल तर मला आनंदच आहे. अमा जाऊन चोवीस वर्षं झाली. मात्र एक जाणवतं, ते हल्ली गप्प असतात. पूर्वी पोस्टमनशी आपल्या इंग्रजीत तासभर हवामानावर बोलायचे. आता मान हलवतात आणि आत येतात. आज दुपारी ट्रकमध्ये काचा वर करून एकटेच बसले होते आणि ओठ हलत होते. देवाचं काही म्हणत असावेत. म्हातारपणी माणूस देवाकडे वळतो.

१९ ऑक्टोबर

शिकागोहून वीव्हर नावाचे गृहस्थ आले होते, तिथल्या एका मोठ्या थिएटरचे. खेळ बघून रंगपटात आले आणि बोलावणं दिलं. वसंतात सहा आठवडे, मुख्य रंगमंचावर. ज्या शहरात मी ट्रे घेऊन आत येऊन, "येस, मॅडम" म्हणून बाहेर जायचे, तिथे.

त्यांना सगळंच आवडलं, पण टेलिफोनबद्दल ते बोलतच राहिले. म्हणाले, तो आवाज, ते बारकावे, हे शिकवून येत नाही.

लिसांद्रोने मला उचलून गोल फिरवलं आणि त्याची पाठ धरली. घरी येऊन अपांना सांगितलं. त्यांनी माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं. मग विचारलं, "तिकडे लोक जास्त असतात ना?"

पाचशे खुर्च्या, अपा.

"पाचशे," ते म्हणाले.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

आज मी त्यांच्या मागे गेले. वाईट हेतूने नाही. शिकागोला जायच्या आधी ती कोण आहे ते बघावं, जेवायला बोलवावं, असं मनात होतं. ट्रक खरंच चर्चबाहेर उभा होता. मागच्या हॉलात दिवा होता. दार थोडं उघडं होतं.

आत शाळेची बाकं. सात-आठ माणसं, बहुतेक तरुण, ग्वाटेमालाची असावीत, एक गरोदर बाई. फळ्याजवळ पांढऱ्या केसांची एक गोरी म्हातारी. अपा उभे होते. हातात खेळण्यातला फोन, लाल रंगाचा.

म्हातारी म्हणाली, "तुमची काय अडचण आहे, मिस्टर सेपेदा?"

अपांनी फोन कानाला लावला. "माय वाइफ इज सिक," ते म्हणाले. "शी फेल. शी इज नॉट ब्रीदिंग वेल." एकेक शब्द कौल बसवावं तसा, आधी जागा बघून मग ठेवत. म्हातारीने पत्ता विचारला. अपा थांबले. त्यांनी दात जुळवले, ओठ पुढे काढले, आणि नुसता वारा सोडला, कितीतरी वेळ. मग म्हणाले, "श्शेल्टन. शेल्टन स्ट्रीट."

म्हातारीने विचारलं, परत एकदा सांगाल?

"शेल्टन स्ट्रीट. प्लीज हरी."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अपा खाली बसले, रुमाल काढून मान पुसली. बाजूच्या पोराने त्यांच्या पाठीवर थाप मारली.

मी आत गेले नाही.

२५ ऑक्टोबर

शाळेत आज उच्चारांचा तास होता. मी तो घेतला.

रात्रीच्या खेळात टेलिफोनला लोक हसले. नेहमीसारखेच.

२७ ऑक्टोबर, रविवार

तिया चेलोकडे गेले. ती पीठ मळत होती. मी चर्चमध्ये बघितलं ते सांगितलं. तिला आश्चर्य वाटलं नाही, म्हणजे तिला ठाऊक होतं. पहिल्या खेळानंतरच्या सोमवारीच अपांनी तिला विचारलं म्हणे, चेलो, इंग्रजी शिकवतात ते कुठे? पन्नास वर्षं या देशात राहिला आणि शिकला नाही, ती म्हणाली. आता बायकोला न्यायला कोणीही येणार नाही हे माहीत असताना शिकायला गेला.

तिने सांगितलं की अमा गेली त्याच दिवशी डॉक्टरने म्हटलं होतं, गाडी वेळेवर आली असती तरी ती वाचली नसती. तिया चेलोच्या समोर म्हटलं होतं. अपांनी ते कधीच खरं मानलं नाही. त्यांना वाटतं, डॉक्टर चांगला माणूस होता म्हणून तसं बोलला.

"लोक पहिल्यांदा हसले तेव्हा त्याने माझा हात धरला," ती म्हणाली. "सुटेपर्यंत अंगठीचा वळ उठला होता."

मी रडत होते. तिने हाताचं पीठ न झाडता माझ्याकडे बघितलं.

"तू फोन करायला घरी नव्हतीस म्हणून तो तुला आजवर एका शब्दाने बोलला नाही, मिने. तू मात्र त्याला तिकीट लावून बोलतेस."

हे ती रागाने म्हणाली. मी नव्हते याचा इथे काय संबंध ते मला नीट कळलं नाही. मी नाटक अपांवर लिहिलंय. माझ्यावर नाही.

तिने डब्यात तोर्तिया बांधून दिल्या. अपांना आवडतात म्हणून.

२ नोव्हेंबर

टेलिफोनचा प्रवेश काढला. लिसांद्रोशी भांडण झालं. तो म्हणाला, वीव्हरला काय सांगायचं? मी म्हटलं, काही सांगू नकोस.

रात्री त्या जागी अकॉर्डियन वाजवलं. अमाचं आवडतं वॉल्ट्झ. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण खुर्च्यांमध्ये चुळबुळ होती. बाहेर पडताना एक माणूस बायकोला विचारत होता, ते फोनचं होतं ना यात?

३ नोव्हेंबर, रविवार

अपांना बार्बाकोआच्या दुकानात कळलं. कोणीतरी तक्रार केली म्हणे, आम्ही ते बघायलाच गेलो होतो. घरी येऊन पुडा टेबलावर ठेवला आणि मला म्हणाले, बस.

का काढलंस, विचारलं. मी म्हटलं, तुम्हीच म्हणाला होतात राहू दे.

"तेव्हा म्हटलं होतं," ते म्हणाले. "आता मी शिकलो."

मला काही माहीत नसल्यासारखं मी बसले. एवढ्या वर्षांचा अभिनय त्या एका टेबलापाशी पणाला लागला. त्यांनी मला सगळं सांगितलं. चर्चचा हॉल, मिस हचिन्स, गृहपाठ, आरशासमोर ओठांचा व्यायाम. ट्रकमध्ये बसून शंभर वेळा म्हणायचे. मग ते उभे राहिले. शर्टाची टोकं ओढून सरळ केली. हात कानाशी नेला आणि सगळं म्हणून दाखवलं, न चुकता.

"आता असं म्हण, मिने. असं म्हटलं की कोणी हसणार नाही."

अपा, मी म्हटलं, ते तुम्हाला हसत नव्हते.

"ठाऊक आहे," म्हणाले. "ते तुला हसत होते. तू माझ्यासारखी बोलत होतीस म्हणून. मला ते बघवलं नाही."

थोड्या वेळाने बार्बाकोआ वाढता वाढता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू त्या दिवशी इथे नव्हतीस ते बरं झालं. तुला बघायला लागलं असतं." हे मध्येच त्यांना कुठून आठवलं कोण जाणे. पण मी उठून नळ सोडून उभी राहिले.

९ नोव्हेंबर

आज त्यांच्या पद्धतीने केलं. अपा पहिल्या रांगेत, तोच शर्ट, तीच हॅट. मी फोन कानाला लावला आणि मिस हचिन्सचं इंग्रजी बोलले. माय वाइफ इज सिक. शेल्टन स्ट्रीट.

कोणी हसलं नाही.

कोणी रडलंही नाही. फोनवरच्या बाईला पत्ता पहिल्याच झटक्यात कळला, मग पुढे काय करायचं? नाटकातही अँब्युलन्सला यावंच लागलं. मी वाक्यं बदलत गेले, रंगमंचावर, जागच्या जागी. गाडी वेळेवर आली. अमा तरीही गेली. लोक गोंधळून खोकत होते. विंगेत लिसांद्रो कपाळाला हात लावून उभा होता.

अपांकडे बघितलं. ते पुढे वाकून ऐकत होते. गाडी आली तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि खांदे खाली सोडले. इतकी वर्षं त्यांचे खांदे वर होते हे मला तोवर दिसलंच नव्हतं.

परत येताना ट्रकमध्ये गुणगुणत होते. दारात मला म्हणाले, "बघ, एक माणूस हसला नाही."

१४ नोव्हेंबर

वीव्हर यांचा फोन. त्यांचा माणूस शनिवारी येऊन बघून गेला होता. फार सभ्यपणे बोलले. म्हणाले, त्यात जे होतं ते हरवलंय. पहिल्यासारखं करणार असाल तर आम्ही तयार आहोत. मी म्हटलं, पहिल्यासारखं होणार नाही. त्यांनी आणखी एकदा विचारलं. मग म्हणाले, असो, तुम्हाला शुभेच्छा.

लिसांद्रो माझ्याशी बोलत नाही. पुढच्या आठवड्यात खेळ थांबवतोय. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, थिएटर चालवायचं त्याला.

अपांना सांगितलं, शिकागोचं पुढे ढकललंय. वसंतात तिथे थंडी असतेच, मी कंटाळले असते. दुपारी चौथ्या तासाला मुलांकडून एक जुना प्रहसनाचा तुकडा करून घेतला. मुलं चांगली आहेत. मला शिकवायला आवडतं. हे मी आज दोनदा लिहिलं होतं, एकदा खोडलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

लिसांद्रोने अपांना सांगून टाकलं. मुद्दाम नाही, तो तसा नाही. सामान घरी पोचवायला आला होता, अपांनी विचारलं शिकागोचं कधी, आणि त्याच्या तोंडून गेलं की जुनं केलं असतं तर नेलं असतं.

आज मी चर्चहून आले तर अपा स्वयंपाकघरात बसले होते. टेबल पुसून स्वच्छ केलेलं. समोर दोन कप कॉफी, माझा कप झाकलेला. अकॉर्डियन जवळच्या खुर्चीवर.

"जुनंच कर," ते म्हणाले.

नको, म्हटलं. मला ते येत नाही आता. आणि खरंच येत नाही. गेल्या शुक्रवारी एकटी असताना करून बघितलं, लिसांद्रोच्या रिकाम्या थिएटरात. चेल्टन म्हणायला तोंड उघडलं आणि मिस हचिन्सच्या वर्गातला तो रुमाल दिसला. आवाज फुटला नाही.

"नीट ऐकलं की येईल," अपा म्हणाले. "लहानपणी माझ्याकडूनच शिकलीस ना? मी म्हणतो, तू ऐक. मी हवं तितक्या वेळा म्हणतो. पाचशे माणसं हसू देत. माझी पोर मोठ्या स्टेजवर उभी राहील, मला काय त्याचं?"

मी नको नको म्हणत होते. त्यांनी हात वर करून मला गप्प केलं, मुकादमाने करावं तसं. कॉफीचा एक घोट घेतला. हात कानाशी नेला.

"माय वाइफ इज सिक," म्हणाले, आणि थांबले. मान हलवली. असं नव्हतं ते. पुन्हा सुरुवात केली. "माय वाइफ सिक." हे जमलं. त्यांनी भुवया उडवून माझ्याकडे बघितलं. मग पत्ता.

"शेल्टन."

त्यांनी ओठ पुसले.

"शेल्टन स्ट्रीट."

परत म्हणाले. आणि परत. तोंड वाकडं करून, जीभ मागे घेऊन, डोळे मिटून, पूर्वी फोनपाशी उभे राहायचे तसे उभे राहूनसुद्धा. प्रत्येक वेळी शब्द आला तो शहाण्या मुलासारखा, सरळ, स्वच्छ. शेल्टन. शेल्टन. पन्नास वर्षं जे आपोआप यायचं, ते त्यांना सापडेना. ते माझ्याकडे असे बघत होते, जसं काही त्यांनी माझी एखादी वस्तू कुठेतरी ठेवली आणि आता आठवत नाही.

"कसं म्हणायचो गं मी?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं नाही. त्यांचा हात कानापासून खाली घेतला आणि दोन्ही हातांत धरून बसले. कॉफी निवली. तसं बोलणारं या जगात आता कोणी नाही. एक मी उरलेय, आणि माझ्याच्याने ते बोलवत नाही.